नकाशाबाहेरच्या वस्त्या

१२ जानेवारी २०१० रोजी दुपारी ४ वाजून ५३ मिनिटांनी हैतीची राजधानी पोर्तोप्रिन्स हादरली. भूकंप ७.० तीव्रतेचा होता. त्याचं केंद्र शहरापासून जेमतेम पंचवीस किलोमीटरवर होतं आणि शहरातली घरं बहुतेक कच्च्या काँक्रीटची होती. लाखाहून अधिक माणसं मेली. दुसऱ्या दिवसापासून आइसलंड, चीन, अमेरिका अशा देशांची शोधपथकं विमानतळावर उतरू लागली. त्यांच्याजवळ वास घेणारी कुत्री होती, लोखंड कापायची यंत्रं होती, डॉक्टर होते. शहराचा कामात येईल असा नकाशा मात्र नव्हता. वीस लाखांहून अधिक वस्तीच्या या शहराच्या, कुणालाही वापरता येईल अशा खुल्या नकाशात चार-दोन हमरस्ते होते आणि बाकी सगळी कोरी जागा होती.

पुढच्या काही दिवसांत ती जागा भरली. भरणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हैती कधी पाहिलेलं नव्हतं. उपग्रह कंपन्यांनी भूकंपानंतरची चित्रं खुली केली. ती संगणकावर पुढ्यात ठेवून लोक रस्ते, पडलेल्या इमारती आणि मोकळ्या मैदानांत उभे राहिलेले तंबू एकेक करून आखत गेले. महिनाभरात सहाशेहून अधिक स्वयंसेवकांनी या कामाला हात लावला. मदतपथकांनी तो नकाशा हातातल्या जीपीएस यंत्रांवर उतरवून घेतला आणि त्यावरून गल्ल्या शोधल्या. यासाठी कुणी कुणाला पगार दिला नव्हता, आणि नेमणूकपत्रही दिलं नव्हतं.

आपल्याकडे अशा उद्योगाला लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात. गेल्या वीस वर्षांत मात्र या भाकऱ्या भाजण्याची एक रीत तयार झाली आहे. त्यात नोंदणीकृत संस्था आहेत, पगारी माणसं आहेत, शिस्त आहे आणि भांडणंही आहेत. ना-नफा तत्त्वावर चालणारं तंत्रज्ञान आणि लोकसंघटन यांची गाठ कशी पडते, कुठे घट्ट बसते आणि कुठे सुटते, हे पाहायला नकाशांचं उदाहरण चांगलं. यातलं डोळ्यांत भरणारं काम संगणकाच्या पडद्यावर होतं आणि टिकणारं काम गल्लीत होतं. गाजावाजा पहिल्याचा होतो. दुसऱ्याला पैसा, वेळ आणि मान, तिन्ही बेतानेच मिळतात.

सायकलवरून सुरू झालेला नकाशा

ज्या नकाशावर हैतीचं काम झालं, त्याचं नाव ओपनस्ट्रीटमॅप. २००४ मध्ये स्टीव्ह कोस्ट या तरुणाने तो इंग्लंडात सुरू केला. ब्रिटनमध्ये ऑर्डनन्स सर्व्हे ही सरकारी संस्था १७९१ पासून उत्तम नकाशे करत आली होती. पण ती माहिती वापरायची तर पैसे मोजावे लागत आणि अटीही पाळाव्या लागत. कोस्टने विकिपीडियाचा मार्ग धरला. ज्याला आपला भाग माहीत आहे त्याने तो आखावा, चुकला तर दुसऱ्याने दुरुस्त करावा आणि सगळी माहिती सर्वांना मोकळी असावी, असं त्याचं म्हणणं होतं. सुरुवातीला लोक जीपीएस यंत्र खिशात ठेवून सायकलवरून गल्लोगल्ली फिरत आणि घरी येऊन ती वाट संगणकावर चढवत. २००६ मध्ये ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशन उभं राहिलं आणि त्याच वर्षाच्या अखेरीस याहूने आपल्या हवाई छायाचित्रांवरून रेघा काढायची परवानगी दिली. घरबसल्या नकाशा करता येऊ लागला तो तेव्हापासून.

फोनवर गूगलचा नकाशा फुकट मिळतो, मग हा दुसरा खटाटोप कशाला, असं विचारलं जातं. गूगलचा नकाशा आपण पाहू शकतो, पण त्यामागची माहिती उचलून नेऊ शकत नाही. ती आपल्या यंत्रात भरणं, तिच्यावर आपल्या आरोग्यकेंद्राच्या हद्दी चढवणं, तिची हवी तशी छपाई करून वाटणं, चुकीचं नाव स्वतः बदलणं, हे सगळं कंपनीच्या मर्जीवर असतं. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती कच्च्या स्वरूपात जशीच्या तशी उतरवून घेता येते. हैतीतल्या पथकांना ती इंटरनेट नसलेल्या ढिगाऱ्यांमध्ये वापरता आली, ती यामुळेच.

हैतीनंतर, ऑगस्ट २०१० मध्ये, या स्वयंसेवकांपैकी काहींनी अमेरिकेत एक ना-नफा संस्था नोंदवली. ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम हे तिचं नाव, आणि तिच्या आद्याक्षरांवरून सगळे तिला ‘हॉट’ म्हणतात. नोव्हेंबर २०१४ मध्ये अमेरिकन रेडक्रॉस, ब्रिटिश रेडक्रॉस, डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स आणि हॉट यांनी मिळून ‘मिसिंग मॅप्स’ सुरू केलं. संकट कोसळल्यावर धावपळ करण्याऐवजी, जिथे संकट येण्याची शक्यता आहे तिथले नकाशे आधीच करून ठेवायचे, हा त्यांचा बेत होता. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सला याची निकड हैतीतच जाणवली होती. ऑक्टोबर २०१० मध्ये तिथे कॉलऱ्याची साथ आली. रुग्ण आपल्या गावाचं नाव सांगत, पण ते गाव नकाशावर कुठे आहे हे डॉक्टरांना समजत नसे. साथ कोणत्या पाण्यातून पसरते आहे हे शोधायचं, तर आधी रुग्णाचं घर सापडायला हवं. लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाभोवतीची कॉलऱ्याची मरणं डॉक्टर जॉन स्नोने १८५४ मध्ये नकाशावर मांडली, तेव्हा त्याच्याकडे निदान रस्त्यांचा नकाशा तरी होता.

एक चौकोन, एक संध्याकाळ

हैतीच्या वेळी कोण कुठला भाग आखतो आहे, याचा ताळमेळ नव्हता. दोघे जण एकच रस्ता दोनदा आखत आणि शेजारचा मोहल्ला तसाच राहून जाई. त्यावर हॉटने ‘टास्किंग मॅनेजर’ नावाची व्यवस्था काढली. मोठा प्रदेश छोट्या चौकोनांत तोडायचा आणि एका वेळी एक चौकोन एकाच माणसाच्या हवाली करायचा. तेवढा वेळ त्या चौकोनाला कुलूप. काम संपलं की तो चौकोन दुसऱ्या, अनुभवी माणसाकडे तपासणीला जातो.

नवा स्वयंसेवक बसतो तेव्हा प्रत्यक्षात काय करतो, ते जवळून पाहू. समजा, टांझानियातल्या एका ग्रामीण भागाचा चौकोन त्याच्या वाट्याला आला. पडद्यावर उपग्रहचित्र असतं: तांबूस माती, झाडांचे हिरवे ठिपके आणि मध्येच चकाकणारे पत्रे. पत्रा म्हणजे बहुधा घर. त्याच्या चार कोपऱ्यांवर चार टिचक्या मारल्या की चौकोन तयार होतो, आणि ‘क्यू’ हे बटण दाबलं की कोपरे काटकोनात येतात. गोल झोपडी असेल तर कडेने काही बिंदू द्यायचे आणि ‘ओ’ दाबायचं, म्हणजे वर्तुळ नीट होतं. उंच इमारत असली तर उपग्रह तिरका पाहत असल्याने छप्पर एकीकडे सरकलेलं दिसतं. अशा वेळी आकार छपरावर काढून तो उचलून जोत्यावर आणून ठेवावा लागतो. मग त्या आकाराला ‘इमारत’ अशी खूण जोडायची.

रस्त्यांचं प्रकरण आणखी अवघड. उन्हाळ्यात कोरडा पडलेला ओढा वरून हुबेहूब कच्च्या रस्त्यासारखा दिसतो. पायवाट आणि बैलगाडीची वाट यांतला फरक रुंदीवरून ओळखावा लागतो. गवताची गंज आणि छोटी झोपडी यांत नवखा माणूस हमखास फसतो. सावली कुठे पडली आहे ते पाहिलं की उंचीचा अंदाज येतो. तपासणारा अनुभवी माणूस या गोष्टींवर बोट ठेवतो, आणि त्याने सौम्यपणे लिहिलेल्या दोन ओळींवर पुष्कळदा त्या नवख्याचं पुढचं सगळं अवलंबून असतं. कॉलेजांत किंवा कंपन्यांत भरणाऱ्या मॅपॅथॉनला, म्हणजे एकत्र बसून नकाशे आखण्याच्या कार्यक्रमाला, शेकडो लोक येतात, समोसा-चहा होतो, फोटो निघतात. त्यांतले बहुतेक दुसऱ्यांदा येत नाहीत. जे येतात, त्यांना पहिल्या आठवड्यात कुणीतरी चूक समजावून दिलेली असते आणि चांगलं झालेलं कामही दाखवलेलं असतं. स्वयंसेवक टिकवायचा असेल तर त्याच्या कामाला कुणीतरी वेळेवर उत्तर दिलं पाहिजे. हे काम कुठलाही कार्यक्रम करून भागत नाही. त्याला रोज बसणारं माणूस लागतं, आणि संस्थेला पहिला पगार द्यावा लागतो तो बहुधा इथेच.

नाव कोण सांगणार?

उपग्रहाला छप्पर दिसतं, पण छपराखाली दवाखाना आहे की दारूचं दुकान, हे दिसत नाही. रस्त्याला लोक काय म्हणतात हेही दिसत नाही. हैतीत हा प्रश्न त्याच पहिल्या आठवड्यात दत्त म्हणून उभा राहिला.

नकाशाच्या जोडीला तिथे दुसरंही काम चाललं होतं. ४६३६ या क्रमांकावर कुणीही फुकट एसएमएस पाठवून मदत मागू शकत होतं. संदेश हैतीच्या क्रेओल बोलीत येत आणि मदतपथकांना इंग्रजी हवं असे. अमेरिकेत, कॅनडात आणि इतर देशांत राहणारे हैतीचे लोक संगणकापुढे बसून काही मिनिटांत त्यांचं भाषांतर करत. पण खरी गंमत भाषांतराच्या पुढे होती. संदेशातला पत्ता अमक्या चर्चच्या मागे, तमक्या नाक्याच्या वरच्या बाजूला, अशा धाटणीचा असे. ज्या भागात आपण लहानाचे मोठे झालो तो भाग ओळखणारा कुणी ना कुणी त्यांच्या ऑनलाइन गप्पांच्या खोलीत हजर असायचा. तो नेमकी जागा सांगायचा आणि मग ती अक्षांश-रेखांशांत नोंदली जायची. हे संदेश नकाशावर मांडण्यासाठी उशाहिदी नावाची आज्ञावली वापरली गेली. २००७ च्या डिसेंबरमधल्या केनियाच्या निवडणुकीनंतर दंगली उसळल्या, तेव्हा ओरी ओकोलो, ज्युलियाना रोटिच, एरिक हर्समन आणि डेव्हिड कोबिया यांनी ती काही दिवसांत उभी केली होती. वर्तमानपत्रांनी कौतुक केलं ते आज्ञावलीचं आणि ती चालवणाऱ्या अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांचं. पण ते काम तरलं क्रेओल बोलणाऱ्या, ते शहर पायाखालचं असलेल्या माणसांमुळे. पुढे संदेशांचं हेच काम हैतीतल्याच मिर्बाले या गावात पगारी कामगारांकडे सोपवलं गेलं. भूकंपाने रोजगार गेलेल्यांच्या हाताला त्यातून काम मिळालं.

मुंबईचा फूटपाथ आणि नैरोबीची वस्ती

ज्यांची मोजणी करायची त्यांनीच ती करावी, या कल्पनेला संगणकाचीही गरज नाही. तिचं एक ठळक उदाहरण मुंबईचं आहे. १९८१ मध्ये महाराष्ट्र सरकारने फूटपाथवर राहणाऱ्यांना हटवायचं ठरवलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ओल्गा टेलिस खटला म्हणून गाजलेला त्याचा निकाल १९८५ मध्ये लागला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, असं न्यायालयाने म्हटलं. पण योग्य नोटीस देऊन फूटपाथ मोकळे करायला महापालिकेला मुभा राहिली. त्या वर्षी भायखळ्यात काम करणाऱ्या स्पार्क या संस्थेने फूटपाथवरच्या बायकांना सोबत घेऊन तिथली मोजणी केली. सुमारे ६,००० कुटुंबांची माहिती जमली आणि ‘वी, द इन्व्हिजिबल’ या नावाने अहवाल निघाला. माणसं कुठून आली, किती वर्षं राहत आहेत, काय काम करतात, हे त्यात होतं. फुकटे आणि भटके म्हणून ज्यांच्याकडे पाहिलं जाई, ते या शहराची हलकीसलकी कामं करणारे लोक निघाले.

या मोजणीचा उपयोग कागदापुरता नव्हता. दारोदार फिरायचं म्हणजे शेजारणीशी बोलायचं. कोणतं घर कुणाचं यावरून तंटा निघाला तर तो तिथेच मिटवायचा. मोजता मोजता बायकांना एकमेकींची नावं कळली आणि बोलणी करायला कुणाला पुढे करायचं तेही ठरलं. यातूनच महिला मिलन उभं राहिलं आणि जोकिन अर्पुथम यांच्या राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघाशी त्याची जोडी जमली. १९९६ मध्ये अशा संघटनांचं आंतरराष्ट्रीय जाळं तयार झालं आणि भायखळ्याची ही रीत आफ्रिकेतही पसरली. केनियातली मुउंगानो वा वानाविजिजी ही झोपडपट्टीवासीयांची संघटना याच जाळ्यात आहे.

त्याच केनियात, नैरोबीच्या किबेरा वस्तीत, २००९ च्या शेवटी ‘मॅप किबेरा’ हा वेगळा उपक्रम सुरू झाला. हजारो कुटुंबं दाटीवाटीने राहत असलेली ही वस्ती प्रचलित नकाशांवर जवळपास रिकामी होती. तिथे माणसं किती, याचाही पत्ता नव्हता. दहा लाख असा आकडा वर्षानुवर्षं छापून येई, तर त्याच वर्षीच्या जनगणनेत तो सुमारे १ लाख ७० हजार निघाला. मिकेल मॅरन आणि एरिका हेगन यांनी वस्तीच्या वेगवेगळ्या भागांतली तेरा तरुण मुलंमुली निवडली, त्यांच्या हातात जीपीएस यंत्रं दिली आणि काही आठवड्यांत किबेराच्या गल्ल्या, नळ, संडास, दवाखाने, शाळा, चर्चेस आणि मशिदी नकाशावर आल्या.

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही प्रकल्पाची असू शकते. पुढे जे झालं त्यामुळे किबेराचं काम वेगळं ठरलं. तयार नकाशा इंटरनेटवर होता आणि वस्तीत इंटरनेट फार थोड्यांकडे होतं. तो छापून वाटावा लागला, भिंतींवर रंगवावा लागला, आरोग्य, पाणी, शिक्षण, सुरक्षितता अशा विषयांवर बैठका घेऊन लोकांपुढे मांडावा लागला. त्या तरुणांनी ‘व्हॉइस ऑफ किबेरा’ हे बातम्यांचं व्यासपीठ आणि चित्रफितींचं वृत्तजाळं उभं केलं. आपला भाग आपण मोजला आहे, हे सांगताना सरकारी अधिकाऱ्यापुढे त्यांचा आवाज वेगळा लागत होता. नकाशाचं हे फळ छपरांच्या संख्येत मोजता येत नाही, म्हणून देणगीदारांना द्यायच्या अहवालात त्याला फारशी जागा मिळत नाही.

महाराष्ट्रात याच वळणाचं काम पुण्याची शेल्टर असोसिएट्स ही संस्था १९९३ पासून करते आहे. वास्तुविशारद प्रतिमा जोशी यांनी उभारलेल्या या संस्थेने पुणे, सांगली, कोल्हापूर अशा शहरांतल्या झोपडपट्ट्यांचं घरवार सर्वेक्षण आणि उपग्रहचित्र यांची सांगड घातली. ड्रेनेजची वाहिनी कुठवर आली आहे आणि कोणत्या घराच्या आत संडास नाही, ही दोन चित्रं एकमेकांवर ठेवली की कुठल्या ओळीतल्या घरांना लगेच संडास बांधता येईल ते स्पष्ट दिसतं. संस्था बांधकामाचं सामान पुरवते आणि बांधकामाचा भार कुटुंब उचलतं. नकाशा इथे निर्णयासाठी आहे, आणि निर्णयात घरच्या माणसाचा पैसा व घाम आहे.

काठमांडूची पूर्वतयारी

२५ एप्रिल २०१५ ला नेपाळमध्ये ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि सुमारे ९,००० लोक मेले. हैतीसारखंच याही वेळी जगभरचे हजारो स्वयंसेवक नकाशावर तुटून पडले. फरक होता तो काठमांडूत. तिथे २०१२ पासून विद्यार्थी आणि तरुण अभियंते शाळा, रुग्णालयं, रस्ते आणि इमारती नोंदवत होते. जागतिक बँकेच्या मदतीने सुरू झालेल्या त्या कामातून २०१३ मध्ये काठमांडू लिव्हिंग लॅब्ज ही ना-नफा संस्था उभी राहिली. नामराज बुढाथोकी हे तिचे प्रमुख. भूकंप झाला तेव्हा दोन हजारांहून अधिक शिक्षणसंस्था त्यांच्या नोंदीत होत्या. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे एकमेकांना ओळखणारी, रात्री-अपरात्री फोन उचलणारी माणसं तिथे होती.

इमारतीत बसणं धोक्याचं होतं, म्हणून ती टोळी उघड्यावर बसली. क्वेकमॅप नावाचं संकेतस्थळ सुरू करून लोकांच्या मागण्या नोंदवायला सुरुवात केली. तंबू हवेत, तांदूळ हवेत, रस्ता बंद आहे, अशा मागण्या येत. आलेली मागणी तशीच पुढे ढकलली जात नसे. स्वयंसेवक उलट फोन करून विचारत की मदत पोचली का, किती घरं आहेत, अजून काय हवं आहे. उत्तर मिळालं की नोंद बदलायची. जगभरातले लोक रस्ते आखू शकत होते, पण हा फोन नेपाळी बोलणाऱ्यानेच करावा लागत होता. हैतीत बाहेरच्यांना माणसं शोधावी लागली होती. काठमांडूत बाहेरच्यांनी काय आखायचं हे आतली माणसं सांगत होती. दोन्हीकडे आज्ञावल्या जवळपास त्याच होत्या.

पैसा, पगार आणि मानधन

स्वयंसेवा फुकट असली तरी ती चालवायला खर्च येतो. सर्व्हर चालू ठेवणं, आज्ञावली सांभाळणं, हिशेब तपासून घेणं, देणगीदारांना अहवाल लिहिणं, ही कामं पदरमोड करून फार काळ होत नाहीत. हॉट पहिली काही वर्षं मोजक्या माणसांवर चालली. २०२० मध्ये तिला मोठी देणगी मिळाली आणि ९४ देशांतल्या शंभर कोटी लोकांचे प्रदेश आखण्याचं ध्येय जाहीर झालं. त्यानंतर आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेत प्रादेशिक केंद्रं आणि तिथल्याच लोकांच्या नेमणुका होऊ लागल्या.

खरी पंचाईत गल्लीतल्या माणसाची असते. लंडनमधल्या नोकरदाराने संध्याकाळचे दोन तास दिले तर त्याचं काही अडत नाही. किबेरातल्या किंवा दार-ए-सलामच्या पूरग्रस्त वस्तीतल्या मुलाने दिवसभर गटारांची रुंदी-खोली मोजली तर त्याची त्या दिवसाची कमाई बुडते. त्याला स्वयंसेवक म्हणून गौरवणं आणि शहरातून आलेल्या सल्लागाराला दिवसाचे पैसे देणं, हा हिशेब बसत नाही. म्हणून अनेक ठिकाणी मानधन, बसभाडं, फोनचा डेटापॅक आणि जेवण द्यायला सुरुवात झाली. यालाही दुसरी बाजू आहे. मानधन प्रकल्पाबरोबर येतं आणि प्रकल्पाबरोबर जातं. ते थांबलं की मोजणीही थांबते आणि नकाशा शिळा होऊ लागतो. पैसे मिळतात म्हणून आलेली माणसं आणि वस्ती आपली म्हणून आलेली माणसं यांच्यात कुरबुरीही होतात. चांगला संघटक मोजणीला मानधन ठेवतो, पण माहितीचं काय करायचं हे ठरवणारी बैठक मानधनाविना भरवतो. त्या बैठकीला कोण येतं यावरून पुढच्या वर्षी कोण टिकेल याचा अंदाज बांधता येतो.

देणगीदार बदलले की काय होतं, हेही दिसलं आहे. विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांच्या नकाशागटांचं यूथमॅपर्स हे जाळं २०१५ मध्ये अमेरिकी सरकारच्या यूएसएड या मदतसंस्थेच्या पाठबळावर सुरू झालं आणि अनेक देशांत पसरलं. २०२५ मध्ये यूएसएडच गुंडाळली गेली. एकाच मोठ्या खांबावर मांडव घातला की असं होतं. छोट्या वर्गण्या, स्थानिक महापालिकेचं काम, विद्यापीठाचा अभ्यासक्रम अशा चार बाजूंनी आधार मिळवणारे गट हळू वाढतात, पण खांब निघाला तरी तग धरतात.

काय आखायचं नाही

तांत्रिक स्वयंसेवकाला सगळं नोंदवायचा मोह होतो. वस्तीला मात्र सगळं दाखवायचं नसतं. झोपडपट्टीचा बारीक नकाशा पाणीपुरवठ्याच्या उपयोगाचा, तसाच तो पाडकामाच्याही उपयोगाचा. टांझानियात मुलींची खतना करण्याची प्रथा टाळून पळालेल्या मुलींसाठी आश्रयगृहं चालतात. रात्री अशा मुलीपर्यंत पोचायचं तर गावांची आणि वाटांची नोंद हवी, आणि २०१५ पासून क्राउडटूमॅप या गटाने तिथल्या ग्रामीण भागाचे नकाशे करायला घेतले ते याच गरजेतून. पण अत्याचारातून सुटलेल्या बायका जिथे लपून राहतात, ती जागा सार्वजनिक नकाशावर टाकली तर पाठलाग करणाऱ्यालाही ती सापडेल. ओपनस्ट्रीटमॅपवर घरमालकांची आणि रहिवाशांची नावं लिहायची नाहीत, असा संकेत आहे. गुप्त ठेवलेल्या आश्रयस्थानांनाही तोच न्याय लागतो. काय दाखवावं आणि काय झाकावं, हे वस्तीच्या बैठकीत आधी ठरवायला हवं. एकदा खुल्या नकाशावर गेलेली माहिती किती जणांनी उतरवून घेतली, हे शोधता येत नाही.

हातभार लावायचा असेल तर

आता छपरं आखायला यंत्रंही आली आहेत. गूगलने २०२१ मध्ये आफ्रिकेतल्या ५० कोटींहून अधिक इमारतींचे आकार संगणकाकडून ओळखून खुले केले आणि मायक्रोसॉफ्टनेही अनेक देशांत तसं केलं. घरबसल्या चौकोन काढणाऱ्या स्वयंसेवकाचं काम यामुळे कमी होत जाणार. उरेल ते चुका तपासण्याचं, आणि उपग्रहाला न दिसणारी माहिती गोळा करण्याचं काम. इथे मराठी माणसाला दूर जायची गरज नाही. आपल्याकडचे पाडे, तांडे, टोले आणि वाड्या यांतल्या कितीतरी जागा डिजिटल नकाशांवर एक तर नसतात किंवा इंग्रजी स्पेलिंगमध्ये ओळखू न येणाऱ्या नावाने असतात. ओपनस्ट्रीटमॅपवर प्रत्येक ठिकाणाचं नाव मराठीत वेगळं लिहायची सोय आहे. फेब्रुवारी २०२१ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनंतर भारतीयांना नकाशे करण्यासाठी पूर्वपरवानगीची अडचणही बरीच दूर झाली आहे. देशाच्या सीमा आणि संवेदनशील ठिकाणं यांचे नियम मात्र पाळायला हवेत.

सुरुवात करणाऱ्याने आधी कुणाला काय अडतंय ते विचारावं. आशाताईंना कोणत्या पाड्यावर पावसाळ्यात पोचता येत नाही? टँकरवाला कुठे चुकतो? शाळेची बस कोणत्या फाट्यापर्यंतच येते? प्रश्न कळला की यंत्र निवडणं सोपं जातं, आणि पुष्कळदा छापलेला कागद व शिसपेन्सिल पुरते. मग मोजायला त्याच गावातली दोन माणसं सोबत घ्यावीत, मोजलेलं ग्रामसभेत किंवा वस्तीच्या बैठकीत वाचून दाखवावं, चुका तिथेच दुरुस्त कराव्यात आणि त्यानंतरच ती माहिती खुल्या नकाशावर चढवावी. संस्थेत नोकरी करायची असेल, तर मुलाखतीत पगाराबरोबर आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी: हा नकाशा पुढच्या वर्षी कोण दुरुस्त करणार आहे? उत्तरात त्या वस्तीतल्या एखाद्या माणसाचं नाव आलं, तर काम उभं आहे असं समजावं. आज्ञावलीचं किंवा देणगीदाराचं नाव आलं, तर निम्मं काम अजून व्हायचं आहे, आणि तेच करायला आपण जातो आहोत हे ओळखून रुजू व्हावं.